रानाचे जाणकार

मध्य आफ्रिकेतल्या द्झांगा-सांघाच्या जंगलात नव्या माणसाला पहिला तासभर काहीच दिसत नाही. दिसतं ते नुसतं हिरवं. आभाळात गेलेले बुंधे, त्यांच्यावर चढलेल्या वेली आणि खाली छातीपर्यंत वाढलेली रुंद पानांची दाटी. पुढे चालणारा वाटाड्या, इथल्या मूळ रहिवासी बाआका लोकांपैकी एक, एकाएकी थांबतो, वाकतो आणि जमिनीवरचा एक देठ उचलून पुढे धरतो. देठ दातांनी सोललाय, आतला कोवळा गर खाल्लाय, टोकाशी अजून ओल आहे. गोरिला इथून गेलाय, आणि त्याला फार वेळ झालेला नाही. मग तो हाताच्या पंज्याने जरा पुढची पानं दाखवतो. बाकी पानांवर दव आहे, या पट्ट्यातल्या पानांवर नाही. एवढं दाखवून तो चालायला लागतो.

या जंगलाबद्दल जिथे जिथे लिहिलं जातं तिथे फोटो गोरिलाचा असतो किंवा हत्तीचा. बाआका लोक आलेच तर संध्याकाळच्या नाचगाण्याच्या ओळीत येतात, कार्यक्रमाचा शेवटचा भाग म्हणून. तिथे जाऊन आल्यापासून मला हा क्रम उलटा वाटतो. तिथलं जे काही पाहता येतं, जे काही अभ्यासकांना कळलं आहे, त्याच्या मुळाशी या लोकांचे डोळे, कान आणि नाक आहे. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या दुप्पट, आणि लोकसंख्या मात्र मुंबईच्या जवळपास निम्मी. 1960 मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. फ्रेंच सरकारी भाषा आहेच, पण बाजारात, होडीत, गिरणीत माणसं सांगो बोलतात. नकाशात हा देश नैऋत्येला एका टोकाने खाली उतरतो आणि कॅमेरून आणि काँगो यांच्या मधोमध घुसतो. ते टोक म्हणजे द्झांगा-सांघा. 1990 मध्ये त्याला संरक्षण मिळालं. गाभ्याचा भाग राष्ट्रीय उद्यान झाला आणि भोवतीचा भाग विशेष राखीव क्षेत्र. कॅमेरूनचं लोबेके, काँगोचं नुआबाले-न्दोकी आणि हे, अशा लागून असलेल्या तीन जंगलांना मिळून 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिन्ही मिळून साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या आसपास.

माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त कॅमेरूनमध्ये याउंदेला राहतो, त्यामुळे आम्ही त्या बाजूने गेलो. योकाडुमापर्यंत आणि पुढे लिबोंगोपर्यंत लाल मातीचा रस्ता. समोरून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी ओंडक्यांची. एकेका ट्रकवर तीन किंवा चारच ओंडके मावतात, इतके ते जाड. मग सांघा नदी, लाकडाची लांब होडी, आणि पलीकडे बायांगा.

बायांगा हे गाव लाकडाच्या गिरणीभोवती वाढलं. गिरणी चालू असली की बाहेरून माणसं येतात, बंद पडली की तीच माणसं हातात काम नसलेली मागे राहतात आणि जंगलात फासे लावू लागतात. नदीकाठचे जुने रहिवासी म्हणजे मासेमारी करणारे सांघा-सांघा. आणि या सगळ्यांच्या आधीपासून जंगलात असलेले बाआका. गावात त्यांची गणती सगळ्यांत शेवटी होते. कसाव्याच्या शेतात दिवसभर राबून मजुरीच्या जागी सिगारेटी किंवा दारू घेऊन परतणारी बाआका माणसं आजही आहेत. त्यांना वेठीला धरणारे हे परके शेतकरी म्हणजे त्यांच्या बोलीतले बिलो.

गोरिला पाहायला बाय होकू नावाच्या तळावर जावं लागतं. तिथे 1997 पासून गोरिलांना माणसांची सवय करण्याचं काम चालू आहे. सवय करायची म्हणजे त्यांना खायला घालायचं नाही, हात लावायचा नाही. रोज त्यांचा माग काढायचा, त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात बसायचं आणि त्यांनी पळ काढला की दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. असं वर्षानुवर्षं. सुरुवातीला नर अंगावर धावून येतो, किंचाळतो. माग काढणाऱ्याने तिथेच उभं राहायचं असतं. पश्चिमेकडच्या सखल जंगलातले हे गोरिला डोंगरी गोरिलांपेक्षा जास्त फळं खातात, त्यामुळे रोज लांबवर भटकतात, आणि जंगल इतकं दाट की वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. मोठ्या पदव्या घेऊन आलेल्या अभ्यासकांनाही इथे बाआकांशिवाय एक दिवस काम करता आलेलं नाही, आणि त्यांनी ते आपल्या लेखांत कृतज्ञतेने नोंदवलंही आहे.

आमच्या पुढे दोघं होते. एक पन्नाशीचा, एक विशीतला. म्हातारा म्हणावा असा नव्हता, पण तरुण मुलगा त्याच्याशी ज्या अदबीने वागत होता त्यावरून मी मनात त्यांना काका म्हणू लागले. काकांच्या हातात एक कोयता, पायात प्लास्टिकचे बूट, बस्स. एका ठिकाणी त्यांनी हात मागे करून आम्हाला थांबवलं. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी नाक वर केलं, मग तरुणाकडे पाहिलं, आणि दोघं एकही शब्द न बोलता आम्हाला पायवाटेवरून बाजूला घेऊन एका जाड बुंध्यामागे उभे राहिले. थोड्या वेळाने फांदी मोडल्याचा आवाज आला. हत्ती होता. आम्हाला त्याचा फक्त कान दिसला आणि मग पाठ. रानहत्ती इतक्या जवळ आणि इतका आवाज न करता असू शकतो हे मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं. तिथल्या वाटाड्यांना गोरिलापेक्षा हत्तीची भीती जास्त, आणि ती रास्त आहे.

पुढे कुठेतरी काकांनी जिभेने टाळूवर टक्‌ टक्‌ आवाज काढायला सुरुवात केली. गोरिलांना कळावं की येणारी माणसं ओळखीची आहेत, म्हणून हा आवाज. आम्ही तोंडावर मास्क चढवले, कारण माणसाची साधी सर्दीसुद्धा गोरिलांच्या कळपाला पुरून उरू शकते. डोळ्यांत, कानांत घामावर येणाऱ्या बारीक माश्या जात होत्या, त्यांना हाकलण्यात अर्थ नव्हता. आणि मग पानं बाजूला झाली. रुपेरी पाठीचा नर वाळवीच्या वारुळाशी बसला होता. मातीचा एक तुकडा उचलून त्याने तो तळहातावर आपटला, पडलेली वाळवी दुसऱ्या हाताने गोळा करून तोंडात टाकली, पुन्हा आपटला. इतकं मोठं बोट आणि इतकं नाजूक काम. एक पिल्लू त्याच्या पाठीमागून डोकावून आमच्याकडे बघत होतं आणि छातीवर दोन्ही हात मारून बघत होतं, आवाज काही नीट निघत नव्हता. याच बाय होकूच्या माकुंबा नावाच्या नराच्या कळपात 2016 मध्ये मालुई या मादीला जुळं झालं होतं. गोरिलांमध्ये जुळं फार दुर्मीळ. त्या काळात कळपाच्या मागावर असलेली मंडळी त्या पिल्लांबद्दल अजून घरच्यासारखं बोलतात.

तासाभराने काकांनी निघायची खूण केली. पाहुण्यांना तेवढाच वेळ मिळतो, आणि तो नियम मला मनापासून पटला.

हत्तींसाठी मात्र वेगळी जागा आहे. द्झांगा बाय. बाय म्हणजे जंगलाच्या मधलं उघडं पाणथळ मैदान. तिथे जायची वाट सुरुवातीला ओढ्यातून आहे, गुडघ्याच्या वर पाणी, तळाशी पांढरी वाळू. मग जंगल, आणि मग लाकडी मचाण. मचाणावर चढल्यावर समोर पाचशे मीटर लांबीची मोकळी जागा उघडते आणि तिच्यात हत्ती. आम्ही गेलो तेव्हा साठ-सत्तर तरी असावेत. काही दिवशी शंभराच्या वर असतात. आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशातल्या हत्तीपेक्षा हा रानहत्ती अंगाने लहान, कान गोलसर, सुळे सरळ आणि खालच्या दिशेने. चिखलात लोळून कोणी पिवळा झालेला, कोणी तांबूस, कोणी राखाडी.

ते इथे क्षारांसाठी येतात. मैदानात खड्डे आहेत, त्यांच्या तळाशी खनिजं असलेलं पाणी झिरपतं. हत्ती खड्ड्यात सोंड खुपसतो, डोळे मिटतो, आणि जोराने फुंकर मारतो. पाण्यात बुडबुडे उठतात, गाळ ढवळला जातो आणि मग तो खालचं पाणी ओढून घेतो. चांगला खड्डा मोठ्या नराच्या ताब्यात. माद्या आणि पिल्लं शेजारी ताटकळत उभी राहतात. नर हलला की एखादी मादी लगबगीने पुढे होते, आणि दुसरा नर येताना दिसला की तितक्याच लगबगीने मागे. त्यांच्यामधून सितातुंगा नावाची पाणथळीतली हरणं फिरत असतात, रानरेडे बसलेले असतात, आणि राखाडी पोपटांचा थवा खाली उतरून क्षणात पुन्हा उडतो. एका वयस्क मादीने वाटेतल्या पिल्लाला सोंडेने हलकेच बाजूला सारलं, तर ते पिल्लू धडपडून चिखलात बसलं आणि मोठ्याने ओरडलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाची त्याची आई धावत आली, तिच्यामागे आणखी दोघी. सगळ्यांनी त्याला चाचपून पाहिलं. मी दुर्बीण खाली ठेवलीच नाही.

या मचाणावर अँड्रिया टुर्कालो या अमेरिकी संशोधिकेने 1990 पासून वीसपेक्षा जास्त वर्षं काढली. कानांच्या चिरा, सुळ्यांचा आकार, शेपटीचे केस यांवरून तिने तीन हजारांहून जास्त हत्ती एकेकटे ओळखले आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या. कोणाला कधी पिल्लू झालं, कोण कोणाबरोबर येतं, कोण यायचं बंद झालं. त्या नोंदींमधून जे कळलं ते काळजी लावणारं आहे. रानहत्तिणीला पहिलं पिल्लू सरासरी तेविसाव्या वर्षी होतं, आणि पुढचं पाच-सहा वर्षांनी. म्हणजे शिकार पूर्ण थांबली तरी त्यांची संख्या दुप्पट व्हायला साठेक वर्षं लागतील. आणि शिकार थांबलेली नाही. 2002 ते 2011 या काळात मध्य आफ्रिकेतले साधारण 62 टक्के रानहत्ती नाहीसे झाले. 2021 मध्ये रानहत्तीला स्वतंत्र प्रजाती धरून त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून करण्यात आली.

2013 चा मे महिना या मचाणाने पाहिला आहे. मार्चमध्ये सेलेका बंडखोरांनी राजधानी बांगी ताब्यात घेतली, सरकार कोसळलं, टुर्कालोंना आपल्या वह्या घेऊन जंगल सोडावं लागलं. मेमध्ये कलाश्निकोव्ह बंदुका घेतलेली टोळी बायमध्ये शिरली. हत्ती पाहण्यासाठी बांधलेल्या त्याच मचाणाचा त्यांनी वापर केला. निदान 26 हत्ती मारले गेले, त्यांत पिल्लंही होती. त्यानंतर बरेच दिवस मैदान ओस होतं. हत्ती परत आले, ते मी पाहिले, आणि तरीही त्या फळ्यांवर उभं राहताना ते मनातून जात नाही. त्या काळात बायांगाचे बाआका जंगलात खोल निघून गेले होते. कुठे जायचं, काय खायचं, हे त्यांना कोणाला विचारावं लागत नाही. गावातली बाकी माणसंही त्यांच्या आधाराने तगली.

काय खायचं, यावरून जाळ्याची शिकार आठवते. राखीव क्षेत्रात ठरावीक पट्ट्यात पारंपरिक शिकारीला परवानगी आहे, तारेचे फासे आणि संरक्षित प्राणी वर्ज्य. जाळी एका वेलीच्या सालीपासून वळलेल्या दोरीची. ती दोरी मांडीवर वळतात. प्रत्येक कुटुंबाचं आपापलं जाळं, पण लावताना सगळी एकाला एक जोडून मोठं वर्तुळ करायचं. मग बायका आत शिरतात, पानांच्या जुड्या आपटतात, आरोळ्या देतात, हसतातही. त्यांच्या आरोळ्यांमध्ये सूर असतो. एकीने घेतलेला दुसरी पुढे नेते. त्या दिवशी एक निळं ड्युकर सापडलं, सशापेक्षा जरा मोठं हरीण. वाटे तिथल्या तिथे पडले. जाळं कोणाचं, पकडलं कोणी, हाकलणारी कोण, याचा हिशोब सगळ्यांना पाठ होता आणि त्यावर दोन बायकांची चांगलीच जुंपली. मोकळ्या हातांनी परतणाऱ्या बायकांनी वाटेत कोकोची पानं खुडली. ही एका वेलीची पानं, जाडसर, गडद हिरवी. घरी आल्यावर पानांची घट्ट गुंडाळी करून ती इतकी बारीक चिरायची की हिरव्या केसांसारखी दिसावीत. एक आजी चिरत होत्या. सुरी त्यांच्या बोटांपासून दाण्याएवढ्या अंतरावर चालत होती आणि त्या बघत होत्या माझ्याकडे.

पावसाळ्यात सापेली झाडांवर सुरवंट येतात. ते खाली उतरतात तेव्हा सगळी वस्ती झाडाखाली मुक्काम ठोकते, कारण तो काही आठवड्यांचा मोठा आहार. आणि रस्त्यावर आम्हाला भेटलेले ते ट्रकवरचे ओंडके बहुतेक सापेलीचेच. शहरातल्या खोलीच्या दारासाठी एक झाड जातं तेव्हा इथल्या एका वस्तीचं कायमचं पावसाळी स्वयंपाकघर जातं. याची नोंद लाकडाच्या कुठल्याही पावतीवर नसते, याचा मला राग येतो.

वस्तीतल्या झोपड्या बायका बांधतात. वाकवलेल्या काटक्यांवर रुंद पानं खोचून घुमटासारख्या. आणि पुरुषांच्या कडेवर तान्ही मुलं. हे नुसतं माझं निरीक्षण नाही. बॅरी ह्यूलेट या मानववंशशास्त्रज्ञाने मोजलं आहे. इथले बाप दिवसाचा 47 टक्के वेळ तान्ह्या मुलाला धरून किंवा हाताच्या अंतरावर असतात. जगात कुठेही मोजलेल्या बापांमध्ये हे सगळ्यांत जास्त.

गाण्याबद्दल थोडंच लिहिते, कारण ते लिहून कळत नाही. चार वेगवेगळ्या सुरावटी एकमेकींत गुंफलेल्या असतात, आणि गाणारा मनात आलं की एकीतून दुसरीत जातो. कोणी म्होरक्या नाही, कोणी श्रोता नाही. सिम्हा आरोम या संगीत-अभ्यासकाने 1970 च्या दशकात एकेक आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करून त्याची घडण उलगडून दाखवली. युनेस्कोने 2003 मध्ये या गायनाला मानवजातीच्या मौखिक वारशाचा ठेवा म्हणून गौरवलं. युनेस्कोच्या यादीत त्यांचं गाणं आहे, त्यांचं जंगलही आहे. त्या जंगलावर हक्क कोणाचा, हा प्रश्न मात्र अजून सुटायचा आहे.

कारण राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात शिकारही चालत नाही आणि कंदमुळं गोळा करणंही नाही. काका तिथे पगारावर माग काढू शकतात. त्यांच्या आजोबांचे मुक्काम ज्या जागी होते तिथे ते आपल्या नातवाला घेऊन मधासाठी जाऊ शकत नाहीत. या पट्ट्यातल्या वनरक्षकांनी मूळ रहिवाशांना मारहाण केल्याचे आरोप 2019 मध्ये जगभर गाजले. संयुक्त राष्ट्रांच्या माजी मानवाधिकार उच्चायुक्त नवी पिल्ले यांच्या समितीने त्यांची चौकशी करून 2020 मध्ये अहवाल दिला. हत्ती वाचवायला बंदूक लागते हे 2013 ने शिकवलं, ते मला मान्य आहे. पण ती बंदूक ज्यांनी हत्तीला कधी संपवलं नाही त्यांच्याकडे वळते तेव्हा आपण चुकीच्या माणसाला शिक्षा करतो. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाने 2010 मध्ये आदिवासींच्या हक्कांबाबतचा 169 क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. आफ्रिकेत असं करणारा तो पहिला देश. बायांगात आता मानवाधिकार केंद्र आहे, तिथे बाआका माणूस जाऊन आपली तक्रार सांगू शकतो. ओळखपत्र, जन्मनोंद, बुडवलेली मजुरी, मारहाण. आम्ही गेलो त्या सकाळी बाहेरच्या बाकावर जागा नव्हती.

शेवटच्या संध्याकाळी काकांबरोबरच्या त्या तरुणाने, माझ्या भावाच्या फ्रेंचमधून, मला विचारलं की तुमच्याकडे जंगल कोणाचं. मी त्याला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाबद्दल सांगितलं. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्या गोंड गावाला भोवतालच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि बांबू कधी तोडायचा, कोणाला विकायचा, हे ग्रामसभा ठरवते. त्याने ते दोनदा सांगायला लावलं. कागद कोणाच्या नावावर आहे? सगळ्या गावाच्या. त्यात बायकाही? हो, बायकाही. मग त्याने ते काकांना सांगितलं, आणि काकांनी विचारलं की तिथे हत्ती आहेत का.

2021 पासून आहेत, मी म्हटलं. छत्तीसगडच्या बाजूने एक कळप गडचिरोलीत आला, भातशेतीचं नुकसान करतो, माणसंही दगावली आहेत. तिथल्या लोकांच्या आठवणीत जंगली हत्ती नव्हता, त्यामुळे काय करावं ते कळत नाही. काकांनी हातातली काडी जमिनीवर टेकवली आणि एकामागून एक विचारत गेले. कळपात म्हाताऱ्या माद्या किती? पिल्लं किती मोठी? ते कोणत्या झाडाची फळं शोधत आले? खारी माती कुठे खातात? रात्री ओढा ओलांडतात तो रोज एकाच जागी की वेगवेगळ्या? भाऊ भाषांतर करत होता आणि मी माझ्या वहीत सगळे प्रश्न लिहून घेत होते, गडचिरोलीतल्या एका मैत्रिणीला पाठवण्यासाठी.